फिट अर्ध्या टक्क्यावर अडकतो तेव्हा: आरएमएस सोडा, फरकांचा रकाना वाचा

रेझोनंट अल्ट्रासाउंड स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे ठोकळ्याच्या सुरांवरून त्याच्या पदार्थाचे स्थितिस्थापकतेचे स्थिरांक काढण्याची पद्धत. ती वापरणाऱ्यांना हे लक्षण ओळखीचं आहे. ठोकळा घासून काटकोनी केलाय, कडा मोजल्यात, वजन घेतलंय. दोन ट्रान्सड्यूसरच्या मध्ये (एक ठोकळ्याला कंपवतो, दुसरा कंपनं टिपतो) समोरासमोरच्या कोपऱ्यांवर तो हलकेच टेकवलाय. स्वीप होतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी पायरीपायरीने वाढवत नेली जाते, पिकं (आलेखातली शिखरं) दिसतात, तीसेक फ्रिक्वेन्सी यादीत जातात आणि फिट, म्हणजे मोजलेल्या आणि गणिताने काढलेल्या फ्रिक्वेन्सींची जुळणी, ०.६ टक्के चुकीवर येऊन बसतो. सॅम्पल काढून पुन्हा लावलं की ०.४. तिसऱ्यांदा ०.९. दर वेळी स्थिरांक वेगळे आणि दर वेळी प्रोग्रॅमचा चेहरा तितकाच आत्मविश्वासाचा.

चांगल्या ठोकळ्यावर हा आकडा ०.१ च्या आसपास यायला हवा. ०.२ पर्यंत मी चालवून घेतो. त्याच्या वर गेला की कारण शोधायचं, स्थिरांक कुठे लिहून ठेवायचे नाहीत.

या पद्धतीत आपण स्थितिस्थापकतेचे स्थिरांक थेट मोजतच नाही, सगळी गोम इथे आहे. ठोकळा वाजवतो, त्याचे सूर मोजतो आणि मग गणिताला विचारतो की कोणते स्थिरांक धरले तर नेमके हेच सूर निघतील. म्हणजे यादीत चुकीचा सूर घातला तरी उत्तर मिळतंच. प्रोग्रॅम कधी ‘जमत नाही’ म्हणून हात वर करत नाही. तो चूक सगळ्या फ्रिक्वेन्सींवर थोडीथोडी वाटून टाकतो आणि शेवटी एक आरएमएस (सगळ्या फरकांची मिळून एक सरासरी चूक) हातात ठेवतो. त्या एका आकड्यात रोग दिसत नाही. रोग दिसतो शेजारच्या रकान्यात, जिथे प्रत्येक मोडचा (कंपनाच्या प्रत्येक प्रकाराचा) मोजलेल्या आणि काढलेल्या फ्रिक्वेन्सीतला फरक टक्क्यांत असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे फिट बंद करा. पुस्तकातले स्थिरांक घाला, ते गोठवा, फक्त फ्रिक्वेन्सी काढून घ्या आणि मोजलेल्या यादीशेजारी मांडा. फिट चालवल्यानंतरचा रकाना हा सारवासारव झालेला रकाना असतो. तो नंतर बघायचा.

दुसरं, तपासाआधीचा एक प्रश्न. सॅम्पल काढून पुन्हा लावलं की फरकांचा नमुना बदलतो का? बदलत असेल तर दोष लावण्यात आहे किंवा पिकं ओळखण्यात. तीन वेळा लावूनही त्याच मोडला तोच फरक येत असेल तर दोष ठोकळ्यात, नाहीतर ठोकळ्याबद्दल तुम्ही जे गृहीत धरलंय त्यात. हा एवढा प्रश्न विचारला की अर्धा दिवस वाचतो. मी कित्येक वर्षं न विचारता ठोकळे घासत बसायचो.

हरवलेलं पीक

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार हाच. एक उदाहरण जवळून दाखवतो.

ॲल्युमिनियमचा ठोकळा, कडा ८.०२, ६.५१ आणि ५.१३ मिलिमीटर, वजन ०.७२३ ग्रॅम. घनता २.७० निघते, म्हणजे मापं आणि वजन एकमेकांशी भांडत नाहीत. पहिलं पीक १७० किलोहर्ट्झच्या जरा वर. लांब अक्षाभोवती पिळवटणारा मोड तिथेच अपेक्षित आहे, कारण त्या मोडला जवळजवळ फक्त सी-४४ (पिळवटण्याला विरोध करणारा स्थिरांक) लागतो आणि ॲल्युमिनियमचा सी-४४ साधारण २६ गिगापास्कल आहे. इथवर छान. गोठवलेल्या स्थिरांकांवर पहिल्या पाच मोडचे फरक ०.१, उणे ०.२, ०.१, उणे ०.१, ०.२. सहाव्याला अधिक २.८. सातव्याला अधिक १.९. आठव्याला अधिक ३.४. तिथून खाली पुढची सगळी यादी अधिकच.

असा रकाना दिसला की दुसरं काही तपासू नका. सहावं पीक तुम्हाला दिसलेलं नाही. मोजलेलं सातवं पीक सहाव्याच्या जागी जाऊन बसलंय, आठवं सातव्याच्या. प्रत्येक जण एक खुर्ची पुढे सरकलाय, म्हणून मोजलेली फ्रिक्वेन्सी प्रत्येक ठिकाणी काढलेलीपेक्षा जास्त. उलट झालं, म्हणजे एका जागेपासून सगळे फरक उणे होऊ लागले, तर यादीत एक उपरं पीक घुसलंय. ते बहुधा जिगचं (ठोकळा धरणाऱ्या चौकटीचं) किंवा ट्रान्सड्यूसरचं असतं.

हाच ठोकळा फिट चालू ठेवून बघितला होता तेव्हा ही उडी दिसलीच नव्हती. पहिले पाच उणे झाले होते, बाकीचे थोडे अधिक, आणि सी-११ (दाबण्या-ताणण्याला विरोध करणारा स्थिरांक) हा ११० च्या जागी १२४ गिगापास्कल. त्या १२४ ला मी दोन दिवस मिश्रधातूची करामत समजत होतो.

आता पीक हरवतं कसं? चौकोनी ठोकळ्याचा कोपरा कुठल्याच मोडमध्ये पूर्ण स्थिर नसतो, म्हणूनच तर आपण कोपरे धरतो. पण कोपरा हलतो याचा अर्थ तो ट्रान्सड्यूसरला जाणवेल अशाच दिशेने हलतो असा नाही. ट्रान्सड्यूसरच्या पृष्ठाला समांतर घसरत असेल तर हालचाल भरपूर असूनही सिग्नल जेमतेम. उपाय म्हणजे ठोकळा काढून दुसऱ्या कर्णावर धरा. ठोकळ्याला असे चार कर्ण असतात, निदान तीन वापरून बघा आणि याद्या एकत्र करा. आमचं सहावं पीक दुसऱ्या कर्णावर दिसलं. शेजारच्या पिकाच्या पायथ्याशी, मोहरीच्या दाण्याएवढं.

(आलेखातल्या शिखराला आपण सर्रास ‘पीक’ म्हणतो. हंगामात एक हातचं गेलं की वर्षाचा हिशेब कसा बिघडतो, हे त्या शब्दालाच माहीत असावं.)

इतकं करूनही सापडलं नाही तर यादीत त्याची जागा रिकामी ठेवा, अंदाजाने काढलेली फ्रिक्वेन्सी घाला आणि फिटमध्ये तिला शून्य वजन, म्हणजे शून्य महत्त्व द्या. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ही सोय असते. मात्र ही सोय म्हणजे व्यसन आहे. नावडता फरक आला की ‘इथे एक हरवलंय’ म्हणत सुटलं तर कुठलीही यादी कुठल्याही पदार्थावर बसवता येते. पहिल्या दहा मोडमध्ये मी एकापेक्षा जास्त रिकामी जागा ठेवत नाही. दोन लागल्या तर पुन्हा स्वीप.

घनाकृती सॅम्पल कापणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. तिन्ही कडा सारख्या असल्या की एकाच फ्रिक्वेन्सीला दोन-दोन, तीन-तीन मोड एकावर एक बसतात. कापताना झालेल्या बारीक फरकामुळे त्यातले काही जरासे फुटतात, काही फुटत नाहीत, आणि मोजदादीचा पुरता विचका होतो. कडा मुद्दाम वेगवेगळ्या ठेवा, एकमेकींच्या पटीत नकोत. घनाची एक गंमत मात्र आहे. एकजिनसी, सगळ्या दिशांना सारख्या पदार्थाच्या घनात एक मोड असा असतो की त्याची फ्रिक्वेन्सी म्हणजे आडव्या लहरीचा वेग भागिले कडेच्या लांबीची १.४१४ पट. बाकी कशाचाच संबंध नाही. १० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या घनात तो २२० किलोहर्ट्झजवळ येतो. कंप्यूटर न लावता सी-४४ ताडून बघायला झकास.

स्वीपची घाई

पीक हरवण्याचं दुसरं कारण याहून साधं आणि जास्त लाजिरवाणं. स्वीपची पायरी पिकापेक्षा रुंद असते.

हिशेब करा. चांगल्या धातूचा क्यू (सूर किती वेळ घुमत राहतो याचं माप) १०,००० सहज असतो. ३०० किलोहर्ट्झला पिकाची रुंदी म्हणजे ३,००,००० भागिले १०,०००, फक्त ३० हर्ट्झ. तुम्ही १०० हर्ट्झच्या पायरीने चाललात तर अख्खं पीक दोन पायऱ्यांच्या मधून निसटू शकतं. पडद्यावर तिथे सपाट रेघ दिसते आणि आपण म्हणतो, इथे मोड नाही.

पायरी बारीक केली तरी घाई वेगळी नडते. ठोकळ्याला सूर धरायला वेळ लागतो. तो काळ म्हणजे क्यू भागिले (π गुणिले फ्रिक्वेन्सी). वरच्या आकड्यांत सुमारे १० मिलिसेकंद. प्रत्येक पायरीवर याच्या चार-पाच पट थांबलं नाही तर आधीच्या पायरीचा घुमारा पुढच्या वाचनात मिसळतो आणि पीक स्वीपच्या दिशेने ढकललं जातं. ओळखायची खूण सोपी आहे. एकदा चढत्या आणि एकदा उतरत्या दिशेने स्वीप करा. दोन्हींत पीक एकाच जागी नसेल तर तुम्ही पळताय. १०० ते ६०० किलोहर्ट्झ, १० हर्ट्झची पायरी, प्रत्येक पायरीला ५० मिलिसेकंद, म्हणजे ५०,००० बिंदू आणि चाळीस-एक मिनिटं. एवढा वेळ नसेल तर आधी भरभर फिरा आणि मग सापडलेल्या पिकांभोवती सावकाश. पण मग जे भरभर फेरीत निसटलं ते निसटलंच. म्हणून मी पहिली फेरीच संथ करतो आणि चहा घेतो.

आणखी एक. पिकाचा सर्वात उंच बिंदू म्हणजे रेझोनन्स असं धरू नका. दोन ट्रान्सड्यूसरमध्ये थेट विजेची थोडी गळती असतेच. ती सिग्नलमध्ये मिसळली की पीक एका बाजूला कललेलं दिसतं आणि माथा खऱ्या जागेवरून सरकतो. सिग्नलचे दोन्ही भाग, फेजमधला आणि ९० अंशांनी मागे-पुढे असलेला, नोंदवा आणि पार्श्वभूमीसकट लॉरेन्झचा वक्र बसवा. नुसती उंची साठवणाऱ्या जुन्या मांडणीत हे करता येत नाही. तिथे ट्रान्सड्यूसरच्या तारा एकमेकींपासून दूर ठेवणं आणि मधे अर्थिंग केलेला पत्रा घालणं एवढंच हातात असतं.

उपऱ्या पिकांसाठी सॅम्पल न लावता एक स्वीप करून ठेवा. ठोकळा नसतानाही जे उभं राहतं ते ठोकळ्याचं नाही. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, पण ती फाइल बहुतेकांकडे नसते.

पकड

सगळं गणित हवेत मोकळ्या तरंगणाऱ्या ठोकळ्याचं असतं आणि आपला ठोकळा दोन बाजूंनी धरलेला असतो. या थापेची किंमत पकडीइतकी. कोपऱ्यावर दाब वाढला की सहसा फ्रिक्वेन्सी वर सरकते, आणि सर्वात खालचे मोड सर्वात जास्त सरकतात. रकान्यात याची खूण अशी दिसते की पहिले दोन-तीन फरक अधिक आणि पुढे ते विरत जातात. शिवाय पिकं रुंद होतात, कारण ठोकळ्याची ऊर्जा जिगमध्ये पाझरते.

तपासायचं कसं? वरचा ट्रान्सड्यूसर स्क्रूवर असेल तर सिग्नल दिसेनासा होईपर्यंत सैल करत जा आणि प्रत्येक टप्प्यावर पहिलं पीक टिपा. दाब कमी होत जाताना फ्रिक्वेन्सी एका आकड्याकडे झुकते. तो आकडा तुमचा. जाड, जड ठोकळ्यात हा परिणाम नगण्य असतो. काही मिलिग्रॅमच्या स्फटिकात तोच सगळा खेळ बिघडवतो. इवल्या नमुन्यांवर ही पद्धत चालत नाही असं मात्र समजू नका. अपोलोने आणलेल्या चंद्राच्या मातीतल्या काचेच्या बारीक गोळ्यांची स्थितिस्थापकता १९७० च्या सुमारास मोजली गेली ती गोळ्यांच्या रेझोनन्सवरूनच. त्याच मंडळींनी नंतर चंद्रखडकातला ध्वनीचा कमी वेग निरनिराळ्या चीजमधल्या वेगाशेजारी मांडला आणि तो छान जुळतो असं गंभीर चेहऱ्याने छापलं.

कोपऱ्यावर ग्रीस, जेल, मेण काहीही लावू नका. पल्स-एको करणारी (ध्वनीचा ठोका पाठवून प्रतिध्वनी मोजणारी) मंडळी सवयीने लावतात. इथे कोरडा स्पर्शच हवा.

ठोकळाच वाकडा असेल तर

आता दुसरी शाखा. लावणं बदललं तरी रकाना तसाच राहतोय, फरक काही अधिक, काही उणे, आणि दर वेळी त्याच मोडचे.

आधी मायक्रोमीटर. प्रत्येक कड एकाच ठिकाणी नव्हे, पाच ठिकाणी मोजा. ५ मिलिमीटरच्या कडेत ०.०१ मिलिमीटरचा चढउतार म्हणजे ०.२ टक्के, आणि तुमचं सगळं उद्दिष्टच ०.१ आहे. समोरासमोरची पृष्ठं समांतर नसतील तर फिटकडे परत जाण्यात अर्थ नाही, घासायच्या टेबलाकडे जा. पॉलिश करताना कडा गोल होतात, कोपऱ्याचा टवका उडतो. भिंगाखाली बघा. आणि वजन भागिले घनफळ करून घनता पुस्तकाशी ताडा. २.७० च्या जागी २.६६ आली तर माप मोठं घेतलंय, कडा गेल्यात किंवा आत पोकळ्या आहेत.

घनता पुस्तकातून उचलायची की मोजायची यावर लोक वाद घालतात. माझं मत मोजायची, आणि त्याला कारण आहे. स्थिरांक हा घनता, फ्रिक्वेन्सीचा वर्ग आणि लांबीचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. घनता पुस्तकातली घेतली तर लांबीतली ०.१ टक्क्याची चूक स्थिरांकात ०.२ होऊन येते. वजन तराजूवर मोजलं आणि घनता त्यातूनच काढली तर लांबीचा घन खाली येतो, वरचा वर्ग कापला जातो आणि चूक ०.१ च राहते. साध्या तराजूने निम्मी चूक वाचते.

काही प्रोग्रॅम फिटमध्ये कडाही मोकळ्या सोडू देतात. जपून. तिन्ही कडा एकाच प्रमाणात वाढवल्या आणि वजन तेच ठेवलं तर स्थिरांक त्या प्रमाणात घटून सगळ्या फ्रिक्वेन्सी जशाच्या तशा राहतात. आरएमएसला याचा पत्ताही लागत नाही. घनफळ बांधून ठेवा आणि मगच कडांना हलू द्या.

मापं चोख असूनही अर्धा टक्का राहतोय? मग पदार्थाबद्दलचं गृहीतक तपासा. लाटलेल्या पत्र्यातून किंवा ओढलेल्या दांड्यातून कापलेला ठोकळा सगळ्या दिशांना सारखा नसतो, कारण कण एका दिशेला कललेले असतात. किती फरक पडेल ते धातूवर आहे. स्फटिकाच्या असमानतेचं झेनर गुणोत्तर (१ म्हणजे सगळ्या दिशांना सारखा) टंगस्टनमध्ये जवळजवळ १, ॲल्युमिनियममध्ये सुमारे १.२ आणि तांब्यात ३.२ च्या आसपास. म्हणून लाटलेल्या ॲल्युमिनियमला सगळ्या दिशांना सारखं धरून दोन स्थिरांकांत बसवलं तर बरेचदा निभावतं, लाटलेल्या तांब्याला निभावत नाही. ओढलेल्या दांड्याला षट्कोनी सममितीचे पाच स्थिरांक द्या, लाटलेल्या पत्र्याला नऊ. पण स्थिरांक वाढवले की एरर उतरणारच, पदार्थ तसा असो वा नसो. प्रत्येक स्थिरांकामागे निदान पाच पिकं नसतील तर त्या उतरलेल्या एररवर खूश होऊ नका.

एक किरकोळ पण फसवा प्रकार राहिला. फरक सगळे उणे, आणि मोडचा क्रमांक वाढेल तसे वाढत जाणारे, उडी नाही, हळूहळू. ही गणिताची काटकसर आहे. आपण वापरतो ती रेले-रिट्झ पद्धत (ठोकळ्याची हालचाल बहुपदींच्या बेरजेने मांडणारी) फ्रिक्वेन्सी नेहमी खऱ्यापेक्षा वरच काढते, खाली कधीच नाही. बहुपदीची कोटी (सर्वात मोठा घात) कमी धरली की वरच्या मोडमध्ये ही चढ दिसू लागते. कोटी १० धरली की ८५८ फलनं होतात. हल्लीच्या कंप्यूटरला ते काहीच नाही. १२ करून बघा, वरच्या फ्रिक्वेन्सी हलल्या नाहीत तर १० पुरेत.

आरएमएस ०.०८, तरीही सी-११ हलतो

इथे पोचलेल्यांची पुढची तक्रार. एरर उत्तम, सी-४४ दर वेळी चौथ्या अंकापर्यंत तोच, आणि सी-११ टक्का-दीड टक्का इकडेतिकडे. काही बिघडलेलं नाही. खालचे मोड बहुतांश पिळवटणारे आणि वाकणारे असतात. प्रत्येक मोडची फ्रिक्वेन्सी कोणत्या स्थिरांकावर किती अवलंबून आहे याचे वाटे प्रोग्रॅम छापतो आणि त्या वाट्यांची बेरीज १ होते. खालच्या मोडमध्ये सी-४४ चा वाटा ०.९ च्या वर आणि सी-११ ला उरलंसुरलं. ज्याला यादीत मतच नाही त्याचा आकडा पक्का कसा येणार? सी-११ चा वाटा मोठा असलेले मोड शोधा, ते बहुधा वरच्या भागात असतात, आणि तेवढ्यांसाठी स्वीप पुढे न्या. नुसती पिकांची संख्या वाढवून उपयोग नाही.

या सगळ्या भानगडीत आपली मांडणी की सॅम्पल, हा संशय कायम राहतो. तो मिटवायला फ्यूज्ड सिलिकाचा एक चोख ठोकळा डबीत ठेवा. सगळ्या दिशांना सारखा, क्यू भरपूर, दोनच स्थिरांक, यंग गुणांक ७२-७३ गिगापास्कल. संशय आला की तो लावा. त्यावर ०.१ च्या आत उतरलात तर मांडणी निर्दोष आहे.

आणि मग तुमच्या सॅम्पलचा क्यू बघा. त्याच धातूच्या दुसऱ्या तुकड्याला १०,००० आणि याला ६००, पिकं रुंद, एखादं जोडपिकासारखं फुटलेलं, कुठल्याही कर्णावर धरा तसंच. आत तडा आहे. तडा गेलेल्या ठोकळ्याला कुठलेच स्थिरांक बसत नाहीत. नवा कापा.